लेखाधिकारी साहेब, त्या एका ओळीबद्दल आभार

माननीय मुख्य लेखा व वित्त अधिकारी साहेब,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेच्या यंदाच्या वार्षिक अहवालासाठी हे पत्र. काय झाले आणि काय राहिले, हे दोन्ही तुम्ही एकाच पानावर छापलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आधीचे अहवाल गुळगुळीत कागदावर यायचे. फीत कापतानाचे फोटो, वृक्षारोपण आणि शेवटी शिलकी अंदाजपत्रकाचा डंका. ठेकेदारांची किती बिले थकलीत हे कळायला लेखापरीक्षणातले आक्षेप चाळत बसावे लागे.

शिल्लक कशी काढली जाते हे आतल्या सगळ्यांना ठाऊक असते. मालमत्ता कराची पूर्ण मागणी, म्हणजे बिलांवर येणे दाखवलेली सगळी रक्कम, जमेला धरायची. त्या मागणीत थकबाकीवर दरमहा २ टक्क्यांनी चढलेली शास्ती म्हणजे दंड असतो, दुबार आकारणी असते, पाडून टाकलेल्या इमारती असतात आणि न्यायालयात अडकलेली प्रकरणेही असतात. हा पैसा येणार नाही, पण कागदावर तो असला की प्रभागातली कामे बसवता येतात. कार्यादेश निघतात, डिसेंबरात तिजोरी आटते, बिले पुढच्या वर्षाचे दायित्व होतात. बिल वर्षभर अडकणार हे ठेकेदाराने धरलेलेच असते. मग तो पुढच्या निविदेत दर चढवतो, नाहीतर डांबरात हात मारतो. खड्ड्याचे मूळ बऱ्याचदा जमेच्या बाजूला असते, ते असे.

तुम्ही मागणी बाजूला ठेवून गेल्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली धरलीत. अंदाजपत्रक रोडावले, सभागृहात ओरड झाली. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला. जीएसटीच्या भरपाईत दरवर्षी ८ टक्के वाढ मिळते, पण हप्ता हाती येतो तोच पगार आणि निवृत्तिवेतनात जिरतो. अशा वेळी आकडा खरा ठेवायला छाती लागते.

दुसरे काम फेब्रुवारीतले. वर्षअखेरीस वर्गीकरणाचे, म्हणजे एका कामाचा निधी दुसरीकडे वळवण्याचे, प्रस्ताव येतात तेव्हा पहिला घाव देखभालीच्या लेखाशीर्षावर बसतो. गळती दुरुस्तीचे उद्घाटन करता येत नाही ना! यंदा ते शीर्ष तुम्ही हलू दिले नाहीत. त्याची किंमत हिशेबाने सांगतो. २० मीटर दाबाच्या, सतत भरलेल्या वाहिनीला ६ मिलिमीटरचे एक भोक असेल, तर दिवसाला साधारण २९ हजार लिटर पाणी जाते. दरडोई १३५ लिटरच्या निकषाने ते दोनशेहून जास्त माणसांचे पाणी, तेही शुद्ध केलेले आणि पंपाने चढवलेले, म्हणजे वीजबिल भरून झालेले. अशी गळती शोधायला मोठा प्रकल्प लागत नाही. रात्री दोन ते चारच्या दरम्यान वापर जवळपास थांबतो. तेव्हा विभागाच्या हद्दीवरचे बाकी व्हॉल्व्ह बंद करून पाणी आत येते तिथला मीटर बघायचा. टाक्या भरून झाल्यावरही काटा फिरत राहिला, तर पाणी जमिनीत चालले आहे. यासाठी लागतात चालू स्थितीतले मीटर, नीट बसणारे व्हॉल्व्ह आणि रात्रपाळीची दोन माणसे. नेमक्या याच तीन गोष्टी दरवर्षी कापल्या जात होत्या.

नाल्यांच्या गाळाचेही तसेच. ओला गाळ थेट वजनकाट्यावर नेला की पाण्याचेही पैसे द्यावे लागतात. काठावर निथळायला ठेवून तिथेच विसरला, तर पहिल्या पावसात तो पुन्हा नाल्यात. यंदा निथळल्यावर उचलून मगच वजन, आणि वजनाच्या पावतीशिवाय बिल नाही, एवढी अट तुम्ही घातलीत. पैसे तेवढेच होते.

पण हे पत्र लिहायला लावले ते ‘न झालेली कामे’ या तक्त्याने. प्रत्येक कामापुढे कारणाचा रकाना आहे: जागा ताब्यात नाही, निविदेला प्रतिसाद नाही, निधी नाही. आणि मध्येच, एका पावसाळी गटाराच्या कामापुढे लिहिले आहे, ‘लेखा विभागाकडून फाइल उशिरा’. आपल्याच खात्याचे नाव! ‘प्रशासकीय कारणास्तव’ लिहून मोकळे होता आले असते. कोणी विचारलेही नसते. वर्षानुवर्षे त्या दोन शब्दांखाली काय काय गाडले गेले आहे, ते आम्ही जाणतो. ही ओळ वाचल्यावर तक्त्यातल्या बाकी कारणांवरही विश्वास बसला. पैसे नाहीत हे लोक समजून घेतात, घरातही ओढाताण असतेच. राग येतो तो फसवणुकीचा. सरकारी कागदावर सरळ बोलणारी माणसे प्रत्येक कार्यालयात एखाददुसरी असतात, त्यांच्यावरच गाडा चाललेला असतो, आणि बढतीच्या यादीत ती क्वचितच वर दिसतात.

आता आभाराच्या पत्रातच एक मागणे, राग नसावा. थकीत बिलांची एकूण रक्कम दिलीत, पण ती किती जुनी आहेत ते कळत नाही. तीन महिन्यांपर्यंतची, वर्षापर्यंतची आणि त्याहून जुनी, असे तीन भाग पुढच्या वर्षी केलेत तर बरे. आणि तक्ते स्कॅन करून टाकण्याऐवजी एक्सेलमध्ये द्या, बेरजा आम्ही करून घेऊ.

आपले,
अंदाजपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचणारे काही नागरिक