हात खिशात ठेवायला शिकतोय

प्रिय दोस्ता,

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मधेच हसतोस आणि मग मी विषय बदलतो. म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात आपल्या खोलीतला जुना सोबती मास्तर आणि मी जेवायला गेलो होतो. गप्पा मस्त रंगल्या, जुन्या खोलीतली सगळी भांडणं पुन्हा एकदा भांडून झाली. शेवटी बिल आलं. वेटरने ते टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि मास्तरने हात पुढे केला. मी काय करावं? त्याच्या हातावर हात ठेवून बिल माझ्याकडे ओढलं, आकडाही न बघता कार्ड सरकवलं आणि वर म्हणालो, "ठेव रे, मला काय फरक पडतो?"

मास्तर हसला. बिलाकडे निघालेला हात त्याने पाण्याच्या ग्लासकडे वळवला, जणू तो आधीपासून तिकडेच चालला होता. ग्लास रिकामा होता. तरी त्याने तो उचलला, तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

त्यानंतर दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्याला ऐनवेळी काम निघालं.

असली कामं मला चांगली ओळखीची आहेत रे. त्या खोलीत असताना माझंही पोट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेमकं बिघडायचं. मेन्यूकार्ड मी उजवीकडून डावीकडे वाचायचो, आधी आकडा आणि मग पदार्थ. सगळ्यांनी बिल समान वाटून घ्यायचं ठरलं की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण मी मुद्दाम स्वस्तातलं काहीतरी मागवून "आज भूकच नाही" असं सांगून बसलेलो असायचो. 'हो, येतो' म्हणण्याआधी मनात किती हिशेब चालायचे! हे सगळं केलेला माणूस मी. आणि कंपनीतला माझा वाटा विकून दोन वर्षं होत नाहीत तोच मास्तरला विचारतोय, मला काय फरक पडतो!

म्हणून तुझी आठवण झाली. तुझ्याकडे पैसा तेव्हापासून होता. घरचाच होता, आणि खोलीत सगळ्यांना ते माहीत होतं. तरी तुझ्यासोबत असताना मला लहान वाटल्याचं फारसं आठवत नाही. का, याचा परवा रात्री बराच वेळ विचार करत बसलो होतो.

एक गोष्ट सापडली. तू सारखा माझ्याकडे काहीतरी मागायचास. अर्ज लिहिलास की तपासायला माझ्याकडे. नोट्स माझ्या. सायकलची चेन निसटली की मीच. आणि सुट्टे पैसे! दर दोन दिवसांनी "सुट्टे आहेत का रे?" म्हणून हात पसरायचास आणि दुसऱ्या दिवशी न चुकता परत करायचास. मला वाटायचं, श्रीमंताचं पोर, वेंधळं आहे. आता वाटतं, तू मला सावकार करून ठेवलं होतंस. तू ते ठरवून करत होतास की खरोखरच वेंधळा होतास, हे मात्र मला सांगू नकोस.

चुकलासही, नाही असं नाही. माझी परीक्षेची फी तू भरलीस, कुणाला कळू दिलं नाहीस, मीही ती पुढे दोन वर्षांत फेडली. पण एकदा चार जणांसमोर तू सहज म्हणालास, "याचं आम्ही बघतो." त्यातला तो 'आम्ही' माझ्या कानात किती दिवस वाजत होता! तुला आठवतही नसेल. मास्तरला माझं 'मला काय फरक पडतो' तसंच आठवत राहणार आहे.

श्रीमंत मित्र असण्याचा फायदा काय होतो, यावर एक मोठा अभ्यास झालाय, वाचला नसशील तर सांगतो. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७ कोटींहून जास्त फेसबुक वापरणाऱ्यांच्या मैत्र्या तपासल्या, सगळ्या मिळून २१०० कोटी. २०२२ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. एखाद्या भागात गरिबांची सधन लोकांशी मैत्री किती आहे, यावरून तिथली गरीब मुलं पुढे किती वर येतील याचा अंदाज फार चांगला बांधता येतो. गरीब घरातल्या मुलांना सधन मुलांइतकेच सधन मित्र मिळतील अशा भागात ती वाढली, तर मोठेपणी त्यांची कमाई सरासरी २० टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा हिशेब आहे.

वाचल्यावर माझ्या २० टक्क्यांत तुझा हात कुठे कुठे आहे ते शोधायला लागलो. फीचे पैसे फार थोडे निघाले. जास्त निघालं ते भलतंच. ऑफिसात फोन करून "मुदत वाढवून मिळेल का?" असं विचारता येतं, हे मला तुझ्यामुळे कळलं. मला वाटायचं, छापलेली तारीख म्हणजे दगडावरची रेघ. पहिल्या नोकरीत पगाराचा आकडा ऐकून मी मान डोलावणार होतो, तर तू म्हणालास, "विचार करून उद्या सांगतो म्हण." एवढंच एक वाक्य. त्याची मजल कुठवर गेली ते तुला माहीत आहे. तुमच्या घरात ही वाक्यं रोजच्या बोलण्यातली होती. आमच्या घरात ती कुणी उच्चारलेलीच नव्हती.

आणि मी मास्तरला काय दिलं? एक जेवण.

आता थोडं माझ्या कर्तबगारीबद्दल. कंपनी विकली गेली कारण घेणाऱ्याला त्याच महिन्यात तशी कंपनी हवी होती. सहा महिने आधी आम्ही हेच घेऊन दारोदार फिरत होतो, कुणी उभं करत नव्हतं. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण गेल्या आठवड्यात काही तरुण मुलांसमोर बोलताना मी माझंच भाषण ऐकलं. त्यात दूरदृष्टी होती, योग्य वेळेची पारख होती, जोखीम घेण्याची हिंमत होती. नशीब हा शब्द काही आला नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल पिफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना जोडीजोडीने मोनोपॉली खेळायला बसवलं होतं. नाणं उडवून एकाला 'श्रीमंत' ठरवायचं. त्याला दुप्पट पैसे, एका फाशाऐवजी दोन फासे. तो जिंकणार हे उघडच होतं. तरी खेळ पुढे सरकला तशी श्रीमंत खेळाडूची सोंगटी पटावर जोरात आपटायला लागली. शेवटी का जिंकलात म्हणून विचारलं, तर ही माणसं आपण कुठली जागा कशी हुशारीने घेतली ते सांगत बसली. नाण्याचं नाव कोणी काढलंच नाही. त्या मुलांसमोर माझी सोंगटी अशीच आपटत होती.

साधेपणाचं सोंगही करून झालं, तेही कबूल करतो. पैसे आल्यावर पहिले काही महिने मी मुद्दाम जुने शर्ट घालायचो. कुणी म्हणावं, बघा, अजून तसाच आहे! आणि कुणी म्हणालं की आतून गुदगुल्या व्हायच्या. चक फीनी या उद्योगपतीची गोष्ट सांगताना लोक त्याच्या साध्या प्लॅस्टिकच्या घड्याळाबद्दल आणि भाड्याच्या घराबद्दल बोलतात. मला त्याच्या घड्याळात रस नाही. त्याने १९८४ मध्ये कंपनीतला आपला जवळजवळ सगळा वाटा गुपचूप दानसंस्थेला देऊन टाकला, आणि जगाला ते कळलं १९९७ मध्ये. तेरा वर्षं लोक त्याला अब्जाधीश समजत राहिले आणि त्याने ते समजू दिलं! पुढे ८०० कोटी डॉलरहून जास्त वाटून झाल्यावर २०२० मध्ये ती संस्थाच बंद केली. मला तर जुना शर्टसुद्धा कुणाला न दाखवता घालता येत नाही.

असो. मास्तरचं पुढे काय झालं ते सांगतो.

आपल्या खोलीतला तो टेबलफॅन अजून माझ्याकडे आहे. हल्ली चालू केला की नुसता गुंगुं करत बसायचा, बोटाने पातं ढकललं की मग फिरायचा. मास्तरला फोन केला आणि म्हटलं, बघतोस का जरा? "नवा का घेत नाहीस?" "हाच हवाय." खरं सांगायचं तर फोन करताना मी तुझीच युक्ती वापरत होतो, आणि त्याची मला लाजही वाटत होती. रविवारी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही पंखा उघडला. "कपॅसिटर गेलाय," तो दोन मिनिटांत म्हणाला. मग जाळीवरची धूळ, मग बुशला तेल. मी स्क्रू धरून बसलो होतो, तर एक हरवला आणि त्याने मला पूर्वीसारख्याच शिव्या घातल्या. त्या अर्ध्या तासात युक्ती वगैरे मी विसरूनच गेलो. कपॅसिटरचे पैसे त्याने मागून घेतले, सुट्ट्यांसकट. मजुरीचं मी तोंडातून काढलं नाही, एवढी अक्कल आली आहे.

निघताना म्हणाला, "चल जेवायला. आज मी."

बिल आलं तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो, शाळेतल्या पोरासारखा. मास्तरने चष्मा लावला, बोट फिरवत एकेक ओळ वाचली आणि वेटरला बोलावलं. आम्ही न मागवलेली एक गोष्ट त्यात लावली होती. ती कमी करून घेतली. मग नोटा मोजल्या, दोनदा. बिल न वाचता कार्ड देण्याच्या माझ्या नव्या सवयीपायी आजवर काय काय भरलं असेल, देव जाणे. हे मी त्याला बोलून दाखवलं, तर तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

तू आलास की तिघं जाऊ. बिल कोणी द्यायचं ते मास्तर ठरवणार आहे, तसं त्याने बजावून ठेवलंय. आणि येताना सुट्टे घेऊन ये, या वेळी मी मागणार आहे.

तुझा,
तोच, सायकलची चेन बसवणारा