ते अर्धंच खरं होतं

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर म्हणालो, ‘वरिष्ठांनी आणखी तीन वर्षं इथेच थांबायला सांगितलंय.’ सांगितलं नव्हतं, विचारलं होतं. हो मी म्हणालो. धर्मगुरूच्या आज्ञापालनाच्या व्रताआड लपलो, एवढंच. काच फुटली की दादाचं नाव पुढे करायचो, तसं.

रागवा, पण ऐका. पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीकाठच्या या गावांना रस्ता नाही. इंजिनाच्या होडीने तासन् तास जायचं. काही ठिकाणी धर्मगुरूची मिस्साप्रार्थना दोन महिन्यांतून एकदा. मधल्या रविवारी गावातलेच धर्मशिक्षक प्रार्थना घेतात. बाबा लगेच म्हणतील, ‘मग तुझी गरज काय?’ मुद्दा बिनतोड आहे. पीटर तो रोट असाच बायको-मुलं असलेला धर्मशिक्षक. युद्धात जपान्यांनी मिशनऱ्यांना डांबलं तेव्हा त्यानेच लोकांना सांभाळलं, 1945 मध्ये मारला गेला, आणि 2025 मध्ये पापुआ न्यू गिनीचा पहिला संत ठरला. माझ्यावाचून इथे अडत नाही. मलाच निघवत नाही.

इथल्या टोक पिसिन भाषेत ‘मिपेला’ म्हणजे आम्ही आणि ‘युमी’ म्हणजे आपण, अगदी मराठीसारखं. लोक माझ्याशी बोलताना कायम ‘मिपेला’ म्हणायचे. गेल्या महिन्यात भर पावसात इंजिन बंद पडलं. एका आजोबांनी दुसरं वल्हं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘युमी गो.’ चल, आपण जाऊ. हे कसं सोडून येऊ?

माझी काळजी नको. मच्छरदाणी चांगली आहे, छतावरचं पावसाचं पाणी उकळूनच पितो, सोलरवर दिवा चालतो, पंखासुद्धा. मलेरिया एकदाच झाला. (आई, दोनदा. पण दुसरा अगदी किरकोळ.) तापात तुझी रोझरीची जपमाळ आठवत होती. तू मांडीवर घेऊन म्हणायचीस आणि तिचं पाचवं, शेवटचं रहस्य येईपर्यंत मी झोपलेला असायचो. आताही तिसऱ्याच्या पुढे जात नाही, धर्मगुरू असून.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या सुट्टीसाठी अडवून ठेवू नका, दादाबरोबर जा. आई, गुडघा दुखत असताना चर्चमध्ये गुडघे टेकायचे नाहीत. बसून केलेली प्रार्थनाही पोहोचते, हे मी अधिकाराने सांगतो. आम्ही साडेचार तास पुढे आहोत, म्हणून तू फोन करायचं टाळतेस. ऑपरेशनची तारीख ठरली की वेळ न बघता लाव.

तुमचा,
धाकटा