मागच्या सीटबद्दल

नाशिक,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय मध्या,

सप्रेम नमस्कार वगैरे.

परवा फोनवर मी जानेवारीत मोटरसायकलने कच्छला जायचं म्हणालो आणि तू परस्पर जाहीर करून टाकलंस, "ठरलं. तू चालव, मी मागे बसतो. कच्छ काय, काश्मीरपर्यंत येतो." मी हो-हो केलं आणि फोन ठेवला. तुला तोंडावर नाही म्हणणं मला शाळेपासून जमलेलं नाही आणि त्याचा फायदा तू भरपूर घेतलायस. म्हणून लिहितोय. मध्या, मागे बसायचं नाही. निदान नाशिकहून नाही. का ते सांगतो. आधी सगळं वाच, शिव्या नंतर दे.

गाडी घेतली म्हणजे गाडी येते असं तुला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. वीस वर्षं ॲक्टिव्हा चालवली, द्वारका सर्कलचा ट्रॅफिक पचवला, आता फक्त क्लच आणि गिअरची भर! पण लायसन्सपासूनच गाडी अडली. माझं लायसन्स विनागिअरचं. म्हणजे पुन्हा शिकाऊ काढा, तीस दिवस थांबा आणि मग पेठ रोडला आरटीओत परीक्षा द्या. रांगेत माझ्या पुढेमागे सगळी अठरा-एकोणीसची पोरं, आणि मध्ये मी, चष्मा पुसत. आठ काढायचा, पाय टेकायचा नाही. मागचा पोरगा हळूच म्हणाला, "काका, क्लच अर्धा सोडा आणि मागचा ब्रेक जरासा दाबून ठेवा, गाडी शांत चालते." त्या एका वाक्यावर पास झालो. त्याचं नावही विचारलं नाही, याची अजून चुटपुट आहे.

गाडी हीरोची एक्सपल्स, हे तुला माहीत आहे. "एवढं लांब जायचंय तर मोठी का नाही घेतलीस?" हा तुझा प्रश्न होता. रॉयल एनफील्डची हिमालयन बघितली होती. देखणी आहे, ताकद दुप्पट आहे. पण नवी ४५० भरते १९६ किलो. एक्सपल्स एकशेसाठच्या आसपास. मी स्वतःला एकच विचारलं: आडवी झालेली गाडी रस्त्यावर कोणी नसताना मला उचलता येईल का? छत्तीस किलोंचा फरक कागदावर काही वाटत नाही. शोरूममधून बाहेर पडून धान्याच्या दुकानात पंचवीस किलोचं पोतं उचलून बघितलं आणि निर्णय झाला. आता सीटची उंची ८२५ मिलिमीटर आणि माझी पाच फूट चार इंच. सिग्नलला दोन्ही पाय टेकवले तर फक्त चवडे लागतात. म्हणून मी एकच पाय पूर्ण टेकवतो, डावा, आणि उजवा ब्रेकवर ठेवतो. यावरून कॉलनीतली पोरं मला बगळा म्हणतात.

जूनपासून दर रविवारी पहाटे तपोवनात जातोय. कुंभात साधुग्राम वसतं ना, तिथल्या मोकळ्या जागेत. आता पुढच्या कुंभाची कामं निघाल्यामुळे कधी या कोपऱ्यात, कधी त्या. विटा मांडायच्या आणि त्यांच्यामधून गाडी काढायची. महिनाभर दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. मग ब्रेक. ॲक्टिव्हावर आपण मागचाच ब्रेक दाबत आलो. इथे कळलं की खरं थांबवतो तो पुढचा. ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं पडून घसरायला बघतं. पण पुढचा ब्रेक आवळायचा नाही, लिंबू पिळतात तसा दाबत न्यायचा. आणि गाडी उचलायचा सराव. गवतावर मुद्दाम आडवी करायची, सीटला पाठ लावून उकिडवं बसायचं, एका हाताने हँडल आणि एका हाताने मागची कॅरिअर धरायची, आणि हाताने न ओढता पायांनी मागे मागे सरकत उठायचं. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडायचं, नाहीतर उचललेली गाडी तुला घेऊन पलीकडे जाते. माझी गेली. फिरायला येणाऱ्या आजींनी विचारलं, "अहो, चांगली उभी होती, का पाडली?" काय सांगणार!

आता मुद्द्याचं. गणपती झाल्यावर सप्टेंबरात एका संध्याकाळी सुनीताला मागे बसवून सोमेश्वरला निघालो. एकट्याने तोवर हजार-बाराशे किलोमीटर झाले होते, अंगात थोडी मस्ती आली होती. आनंदवलीच्या पुढे एका वळणावर कुत्रं आडवं आलं. वेग किती? चालत्या माणसाइतका. पण हँडल वळलेलं होतं आणि मी पुढचा ब्रेक आवळला, लिंबू वगैरे विसरून. गाडी जागच्या जागी कलंडली. एकटा असतो तर पाय टेकवून सावरली असती. पण मागे माणूस असलं की वजन वर आणि मागे जातं, आणि चवड्यावर ते पेलत नाही. पाय खाली वाळूवर पडला तोही सरकला. सुनीताचं कोपर सोललं, माझा आरसा गेला. ती उठली, ओढणी झटकली, कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी रिक्षाने जाते. तुम्ही या सावकाश." भांडली असती तर परवडलं असतं.

त्या रात्री झोप आली नाही आणि मला तुझी यामाहा आरएक्स आठवली. ९८ साल, श्रावण, आपण वणीला निघालेलो, नांदुरीचा घाट, आणि धुकं एवढं की तुझ्या कॉलरच्या पुढचं मला काही दिसत नव्हतं. गाडी उजवीकडे कलली की मी घाबरून डावीकडे कलायचो. तिसऱ्या वळणाला तू गाडी थांबवलीस आणि ओरडलास, "नंद्या, पोत्यासारखा बस! पोतं कधी उलटं झुकतं का?" मला राग आला होता. गडावर पोचेपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही, आठवतं? सत्तावीस वर्षांनी, आनंदवलीला आरसा फुटल्यावर, मला कळलं की तू त्या घाटात काय काय सांभाळत होतास. ओला रस्ता, धुकं, आणि पाठीवर उलटं झुकणारा मी. एकदाही पाडलं नाहीस. हे तुला कधीतरी सांगायला हवं होतं, आज सांगतोय.

आणि आणखी एक. त्या काळात आपण जिथे जिथे गेलो तिथे रस्ता तू बघितलास. पंक्चर झालं की चाक तू काढायचास, मी बॅटरी धरायचो. प्लगचं कार्बन तू पुसायचास, मी रुमाल द्यायचो. आत्ता तू मागे बसलास तरी गाडी तूच चालवशील मध्या, खांद्यावरून. "गिअर टाक, हॉर्न दे, त्याला जाऊ दे." आणि मी ऐकेन. मला स्वतःला ओळखतो मी.

म्हणून पंक्चर शिकलो. या गाडीला तारेची चाकं आहेत, आत ट्यूब. ट्यूबलेससारखी बाहेरून वात घुसवली आणि निघालो असं नाही. पेठ नाक्याजवळ एक पंक्चरवाले चाचा आहेत, त्यांच्याकडे तीन शनिवार दुपारी जाऊन बसलो. पहिल्या वेळी चाक काढायला मलाच पाऊण तास लागला. मग टायरची कड रिमवरून उचलायला लिव्हर घातला, जोर लावला, लावला, काही केल्या कड येईना. चाचा विडी ओढत बघत होते. शेवटी उठले, समोरच्या बाजूने टायरवर गुडघा ठेवला आणि म्हणाले, "आता ओढा." अलगद आली. रिमच्या मधोमध खोलगट खोबण असते. एका बाजूची कड त्या खोबणीत दाबून ठेवली की दुसऱ्या बाजूला तेवढी ढील मिळते. सगळी कला त्या गुडघ्यात आहे. पंक्चर काढलं, टायरच्या आतून बोटं फिरवून खिळा शोधला (तो आतच राहिला तर पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर), ट्यूब घातली, टायर बसवला, हवा भरली. फुस्स. बसवताना लिव्हरने माझ्याच हाताने ट्यूब चावली होती. आता ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरतो, म्हणजे ती दुमडत नाही आणि लिव्हरखाली येत नाही. आणि शेवटचा वीतभर टायर साबणाचं पाणी लावून हातानेच बसवतो. तिसऱ्या शनिवारी पन्नास मिनिटांत सगळं झालं. चाचांनी पैसे घेतले नाहीत. "तुम्हीच करायला लागलात तर मी काय खाऊ?" एवढं म्हणाले.

चाक पुन्हा लावताना चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना हे बघायचं, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि चेन घट्ट करायची नाही. मध्यंतरी एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती, त्यांनी चेन सतारीच्या तारेसारखी ताणून दिली. माणूस बसला आणि सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणते, आणि मग बेअरिंगचा जीव जातो. तेव्हापासून चेन माझी मीच बघतो.

थंडीची परीक्षाही झाली. गेल्या रविवारी पहाटे पाचला निफाडला गेलो, मुद्दाम. महाराष्ट्रात पारा कुठे घसरला की पहिलं नाव निफाडचं, मग म्हटलं कच्छच्या वाऱ्याची तालीम इथेच करू. ओझरच्या पुढे बोटं एवढी बधिर झाली की क्लच दाबला की नाही ते बघून ठरवावं लागत होतं. दोन्हीकडे द्राक्षबागा, कोणी बागाईतदार त्या गारठ्यात फवारणीचा ट्रॅक्टर फिरवत होता. चहाच्या टपरीवर एका ट्रकवाल्याने जुना पेपर दिला: "जर्किनच्या आत छातीला लावा." लावला. पाच हजारांच्या जाकिटाने झालं नव्हतं ते चार पानांनी झालं. हातमोज्यांच्या आत आता पातळ रेशमी मोजे घालणार आहे.

सामानाचं फार सांगत नाही. दोन सॅडल बॅगा. जड ते खाली आणि जितकं माझ्याजवळ तितकं चांगलं. पहिल्यांदा सगळं मागच्या कॅरिअरवर उंच बांधलं आणि सावळघाटात पुढचं चाक एवढं हलकं वाटलं की वळणावर हँडल हातात आहे की नाही ते कळेना. घरी येऊन निम्मं सामान काढलं. सुनीताने दिलेला चिवड्याचा डबा मात्र राहिला. तो काढायची माझी काय बिशाद!

रस्ता असा: २३ जानेवारीला पहाटे निघून दिंडोरी, वणी, सापुतारा, वघई आणि पुढे चिखलीला हायवेला लागून भरूचपर्यंत. दुसऱ्या दिवशी वडोदरा, अहमदाबाद, विरमगाम. वडोदरा-अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, आपल्या समृद्धीसारखीच, तेव्हा जुन्या रस्त्यानेच. तिसऱ्या दिवशी माळिया, सूरजबारीचा पूल, भचाऊ, भुज. रोज तीनशेच्या आत-बाहेर. अंधार पडला की गाडी थांबवायची, हे आईला दिलेलं वचन आहे. १३ लिटरच्या टाकीत माझी गाडी सव्वाचारशे-साडेचारशे जाते, तरी तीनशे झाले की पेट्रोल भरणार.

तारीख २३ का, संक्रांतीच्या सुट्टीत का नाही, हे तू विचारलंस. मांजा! उत्तरायणात अख्खं गुजरात गच्चीवर असतं, आणि रस्त्यात आडवा आलेला मांजा हेल्मेटवाल्याला दिसत नाही. तो गळ्याशी आला की कळतो. तिकडे लोक त्या दिवसांत स्कूटरच्या हँडलला वाकवलेली सळई लावून फिरतात. आपल्याकडे येवल्याच्या आणि नाशिकच्या नायलॉन मांजाने दरवर्षी काय होतं ते पेपरात वाचतोच. नंतरही आठवडाभर झाडांवर तारा लोंबत असतात, म्हणून आणखी थोडं पुढे ढकललं आणि गळ्याला जाड पट्टाही घेतलाय.

आता तुझं. मी २५ ला संध्याकाळी भुजला पोचतो. तू २४ ला रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बस, दादरला उतर, आणि २५ ला दुपारची सयाजीनगरी धर. ती २६ ला सकाळी भुजला सोडते. त्या दिवशी भूकंपाला २५ वर्षं होतील. भुजिया डोंगरावरचं स्मृतिवन दोघं मिळून बघू. २००१ साली आपण गल्लीत फिरून ब्लँकेटं गोळा केली होती, ती कुठे पोचली कोण जाणे.

२७ ला धोलावीरा. खावड्याहून पुढे रणातून सरळ रस्ता जातो, दोन्हीकडे पांढरं मीठ, वळण नाही, घाट नाही. तुझ्यासाठी टॅक्सी सांगून ठेवतो. पण तीन दिवसांनंतर माझे हात आणि डोकं ठीक असेल, वारा फार नसेल, तर त्या सकाळी मी तुला विचारीन. मी विचारीन, तू विचारायचं नाहीस. नाही म्हणालो तर मुकाट्याने टॅक्सीत बसायचं.

तेव्हा हेल्मेट आण. दुकानदार गाडीबरोबर फुकट देतो ते टोपलं नको. आयएसआयचं, पट्टा लागणारं. आणि त्याआधी जमलं तर चार-पाच किलो कमी कर. तिकिटं साठ दिवस आधी उघडतात, म्हणजे तुझ्या दोन्ही गाड्यांची उघडलीच आहेत. रणोत्सवाचे दिवस आहेत, भुजची गाडी लगेच भरते. हे पत्र मिळालं की आधी ते कर. खालचा बर्थ घे, तुझा गुडघा.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू

ता. क. आरएक्सची ती पान्यांची पिशवी अजून असेल तर घेऊन ये. त्यातली छोटी पक्कड मला हवी आहे, तसली आता मिळत नाही.