अडीच किलोंची ओढ

डेटन, ओहायो

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची मनापासून खंत आहे. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात आहे. आज लिहायला बसलो, कारण मिरजेच्या त्या शिबिरात माझ्या शेजारी पालथा पडून नेम धरणारा तूच होतास आणि हे तुझ्याखेरीज कोणाला सांगावे, ते कळत नाही.

आमचे शेजारी वृद्धाश्रमात निघाले आहेत आणि त्यांच्या वडिलांची एम-वन कार्बाइन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी सैन्याची आखूड, हलकी रायफल, मी ठेवून घ्यावी, असे ते म्हणतात. वडील युद्धाच्या काळात याच गावातल्या इनलँड कारखान्यात कामाला होते. आधी मोटारींची स्टिअरिंगची चाके करणाऱ्या त्या कारखान्याने पुढे लाखो कार्बाइन घडवल्या. टाइपरायटरवाली अंडरवुड, ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओला अशा कंपन्याही त्या कामाला लागल्या आणि एकूण आकडा साठ लाखांच्या वर गेला. १९६३ मध्ये सरकारने जुन्या कार्बाइन २० डॉलरना विकायला काढल्या, तेव्हा वडिलांनी आपल्याच कारखान्याचे नाव कोरलेली एक घरी आणली.

परवा त्यांनी मला नेमबाजीच्या रेंजवर नेले. दत्ता, ती हातात घेतली आणि मी क्षणभर काही बोललोच नाही. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, जेमतेम नव्वद सेंटिमीटर लांबी आणि वजन अडीच किलोंहूनही थोडे कमी. त्याच सैन्याची गॅरंड रायफल सव्वाचार किलोंच्या पुढे जाते. पट्टा अडकवण्यासाठी दस्त्यात जी खाच आहे, तिच्यात तेलाची छोटी नळकांडी बसते आणि तीच पट्ट्याला धरून ठेवते. ज्यांचे मुख्य काम लढणे नव्हते, त्या तोफखान्यातल्या, वायरलेसवरच्या, गाड्या चालवणाऱ्या माणसांना पिस्तुलापेक्षा बरे काही हवे म्हणून ती जन्मली, आणि खांद्याला लावताच ते समजते. पंधरा गोळ्या झाडल्या, खांद्याला जेमतेम धक्का बसला.

रायफल जड हवी, तरच हात स्थिर राहतो, यावरून तू माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होतास. शिबिरातल्या थ्री-नॉट-थ्री रायफलने काळानिळा झालेल्या तुझ्या खांद्याला हळद लावताना काकू म्हणाल्या होत्या, ‘आता तरी हलकी हवी म्हण रे!’ तुझ्या समाधानासाठी लिहितो, की कोरियाच्या युद्धात सैनिकांनी हिच्या गोळीत पुरेसा जोर नसल्याची आणि कडाक्याच्या थंडीत ती अडकत असल्याची तक्रार केली होती. तरीही परवा रेंजवरची सगळी माणसे तिच्याभोवतीच जमली होती.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दर शनिवारी नातू येतो, नऊ वर्षांचा आहे. थ्री-नॉट-थ्री त्याला धड पेलली नसती. ही तो एका हाताने उचलील. ज्या हलकेपणावर मी भाळलो, त्याचीच मला भीती वाटते आहे. कुलूपबंद कपाट घेता येईल, गोळ्या घरात ठेवणार नाही, हे सगळे मी स्वतःला सांगून झाले. मालती काही बोलत नाही, आणि तिचे न बोलणे तुला ठाऊकच आहे. नाही म्हणावे, तर त्या गृहस्थांचा मुलगा ती विकून टाकील आणि वडिलांच्या हातची वस्तू कोणाकडे जाईल, कोण जाणे.

तुझ्या मोतीबिंदूचे काय ठरले? धाकटीचे लग्न कार्तिकातच ना? वहिनींना नमस्कार.

रविवारी मला त्यांना उत्तर द्यायचे आहे. त्याआधी फोन कर.

तुझा,
विनू