प्रकाशाने साखर उतरली, की नळीत थांबल्याने?

महोदय,

रक्तातली साखर उतरवतो म्हणणाऱ्या, मनगटावर बांधायच्या लाल प्रकाशाच्या यंत्रांची जाहिरात ‘प्राण्यांवर सिद्ध’ अशा शब्दांत होते. इंदूरमधल्या मधुमेही घरांनी त्यावर पैसे घालण्याआधी असे प्रयोग कुठे फसतात, ते जाणून घ्यावे.

ग्लुकोजचा रेणू दृश्य प्रकाश शोषत नाही. शोषते ते हिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारे द्रव्य. त्यामुळे प्रकाशाने साखर ‘जळते’ हे म्हणणे चूक आहे. उतरलीच तर पेशींनी ती जास्त वापरली म्हणून.

काही प्रयोगांत प्राण्याचे रक्त नळीत काढून त्यावर दिवा धरतात. सर्वांत मोठी गफलत त्या नळीत होते. काढलेले रक्त नुसते ठेवले तरी तांबड्या पेशी साखर खातात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीतच 38-40 अंश असतात, तिथे आणखी वेगाने. अर्धा तास दिव्याखाली आणि तासभर तपासणीच्या रांगेत, एवढ्यानेच आकडा खाली येतो. म्हणून त्याच प्राण्याच्या रक्ताची दुसरी नळी चांदीच्या कागदात गुंडाळून, तितकाच वेळ, त्याच तापमानात शेजारी ठेवावीच लागते. मग दोन्ही नळ्या बर्फात घालून प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरणारा द्रव, लगेच वेगळा करावा. पेशींचे साखर खाणे थांबवायला नळीत घालतात त्या नुसत्या फ्लुओराइडवर विसंबू नये, त्याचा पुरता असर व्हायला तास-दोन तास जातात.

जिवंत उंदरांतही हेच. अलॉक्झान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन ही रसायने टोचून मधुमेह आणतात. मात्रा कमी पडली तर इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी काही अंशी सावरतात आणि साखर आपसूक उतरते. काही प्रयोगांत प्रकाश थेट रक्तात सोडायला शिरेत प्रकाशतंतू घालतात, त्यासाठी भूल द्यावी लागते. भुलीतले झायलाझिन हे औषध इन्सुलिन रोखून साखर चढवते. पुढे दिसलेली घट ही भूल ओसरल्याची असू शकते. तेव्हा तीच सुई, तीच भूल, फक्त दिवा बंद, असा गट नसेल तर तो प्रयोग मोजू नये. शिवाय शिरेतल्या तंतूचा निकाल मनगटाला लावता येत नाही. तिथे प्रकाशाला आधी कातडी ओलांडायची असते.

मधुमेही कुत्रा पाळणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. माणसांसाठीचे ग्लुकोमीटर कुत्र्याची साखर बहुधा कमी दाखवते. तो आकडा पाहून इन्सुलिन थांबवले, तर रक्तात कीटोन ही आम्ले साचून जनावर दगावू शकते.

इंदूरजवळच्या महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. प्राणी-प्रयोगांची रीतसर परवानगी घेऊन, दिवा बंद ठेवलेल्या गटासह, ही चाचणी तिथे व्हावी. तोवर आपल्या वृत्तपत्राने अशी जाहिरात घेताना एवढे तरी विचारावे: दिवा बंद असलेल्या गटाची साखर किती उतरली होती?

— एक पशुवैद्यक, इंदूर