बंड्याचा कॅमेरा

पुणे, १४ ऑक्टोबर

प्रिय मोहन,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना पाच महिने उत्तर दिले नाही, याची लाज वाटते. माझा गुडघा बरा आहे आणि साखर होती तेवढीच आहे. लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने. गेल्या रविवारी साताऱ्यास बंड्याच्या आईंकडे गेलो होतो, आणि निघताना त्यांनी पुन्हा विचारले, "निघाला का रे कॅमेरा?"

१९९४ साली आपल्या सहलीत बंड्याचा कॅमेरा गंगोत्री हिमनदीच्या भेगेत पडला, तेव्हा हिमनदी गिळलेली वस्तू परत करते, असे मीच त्यांना सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. १८२० साली आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या वाटेवर डॉ. हॅमेलच्या तुकडीतले तीन वाटाडे हिमभेगेत गडप झाले. हिमनदीच्या वेगावरून त्यांचे अवशेष सुमारे चाळीस वर्षांनी खाली निघतील, असा फोर्ब्स या शास्त्रज्ञाचा अंदाज होता आणि १८६१ साली बोसाँ हिमनदीच्या खालच्या भागात ते खरोखर निघाले. तेव्हा परवा रात्री मीही गंगोत्रीचे गणित मांडले, आणि त्यानंतर झोप लागलेली नाही.

त्या वेळी बंड्या म्हणाला होता की कॅमेरा पाताळात गेला. तसे होत नाही. वर चौखंबा शिखराच्या बाजूला पडणारा हिम वर्षानुवर्षे साचतो, वरच्या थरांच्या भाराने त्याच्यातली हवा निघून जाते, कापसासारख्या पाकळ्यांचे साखरेसारखे दाणे होतात आणि शेवटी ज्याच्या एका घनमीटरचे वजन ९०० किलोच्या आसपास भरते असा घट्ट निळसर बर्फ तयार होतो. हा बर्फ साधारण ५० मीटर जाड झाला की तळाचा भाग स्वतःच्याच वजनाखाली मऊ पडल्यासारखा वाहू लागतो, शिवाय उन्हाळ्यात वितळलेले पाणी तळाशी झिरपून सगळे धूड खडकावरून घसरतेही. वरचा थर मात्र ठिसूळच राहतो, म्हणून तो तडकतो. त्यामुळे भेगा फार खोल जात नाहीत. त्यातून आपण होतो गोमुखाच्या, म्हणजे हिमनदीच्या तोंडाच्या, अगदी वर, जिथे साचण्यापेक्षा वितळणेच जास्त. तिथे पडलेली वस्तू पुरली जात नाही, उलट भोवतीचा बर्फ वितळत जाऊन ती वर येते.

आता गणित पाहा. त्या भागात बर्फ वर्षाला २५ मीटर सरकतो असे धरले, आणि गोमुख वर्षाला सुमारे २० मीटर मागे हटते, तर कॅमेरा आणि गोमुख यांच्यातले अंतर दरवर्षी ४५ मीटरने तुटते. तू म्हणत होतास की भेग गोमुखापासून एक किलोमीटरवर होती. तसे असेल तर कॅमेरा २२ वर्षांत, म्हणजे २०१६ च्या सुमारास, निघाला आणि भागीरथीत गेला. त्या वर्षी तू आणि मी एकमेकांशी बोलतही नव्हतो!

कॅमेऱ्याने जागा तरी बरी निवडली म्हणायची. तिथल्याच मेरू शिखराच्या कड्यावरच्या एखाद्या लोंबत्या हिमनदीत पडला असता तर कधीतरी हिमलोटाबरोबर खाली आपटून त्याचा चुरा झाला असता. अलास्कातल्या मलास्पिनासारख्या गिरिपाद हिमनदीत, जी डोंगरातून बाहेर पडताच सपाटीवर तव्यावरच्या धिरड्यासारखी पसरते, तो नक्की कुठल्या काठाला लागला हे सांगता आले नसते. अंटार्क्टिकाच्या हिमस्तरात खोल आत पडता, तर नातवंडांच्या नातवंडांनीही वाट पाहिली असती. गंगोत्री ही दरीतून वाहणारी, सुमारे ३० किलोमीटर लांबीची हिमनदी असल्यामुळे निदान तोंड तरी एकच आहे. अडचण एवढीच की दरीतली हिमनदी मधोमध वेगाने आणि काठाला रेंगाळत चालते, आणि खालच्या अंगाला तिच्यावर दगडमातीचा जाड थर असतो. आपण काठाकडे होतो असे मला आठवते. तू हेही नाकारशील.

रोल धुता येईल का, असा प्रश्न कृपा करून विचारू नकोस. आईंना फोटो नको आहेत, बंड्याच्या हातातली वस्तू हवी आहे. त्या ८६ वर्षांच्या आहेत. आणि पट्टा तुझ्या गळ्यातून सुटला असे मी सगळ्यांना सांगत आलो, ते खरे नाही. बूट बांधताना कॅमेरा मी दगडावर ठेवला होता.

वहिनींना निवृत्तीच्या शुभेच्छा सांग. चिरंजीवांच्या नोकरीचे कळले, आनंद झाला.

माझ्या मते ती भेग दोन किलोमीटरवर होती. तसे असेल तर कॅमेरा २०३८ च्या आधी निघत नाही आणि आईंना "अजून नाही" हे उत्तर खरे मनाने देता येते. तू त्या वेळी वहीत रोजची अंतरे लिहीत होतास आणि मी त्यावरून तुझी टिंगल करीत होतो. ती वही सापडली तर दिवाळीपूर्वी कळव, भाऊबीजेनंतर मला साताऱ्यास जायचे आहे.

तुझा,
श्रीधर