आधी वस्तीत फिजिओथेरपिस्ट, मग रोबो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या आईने तीस वर्षं विड्या वळल्या. मागच्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. विडीला एक हात पुरत नाही. पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, सगळ्याला दोन्ही हात लागतात. एका खासगी ठिकाणी आम्हाला रोबोच्या, म्हणजे लुळा हात धरून हलवून घेणाऱ्या यंत्रावरच्या, व्यायामाचं पॅकेज सांगितलं. कर्ज काढायच्या बेतात होतो.

त्याच सुमारास एक अभ्यास वाचनात आला. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या 'रॅटुल्स' चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले. एका गटाने रोबोवर व्यायाम केला, दुसऱ्याने थेरपिस्टबरोबर जादा, दोघांनीही आठवड्यातून तीनदा पाऊण तास, बारा आठवडे. तिसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार. हात कामाला किती येतो, या मुख्य कसोटीवर रोबोही नाही आणि जादा थेरपीही नाही, कोणीच नेहमीच्या उपचारांहून सरस ठरलं नाही. रोबोने हालचाल थोडी सुधारली, पण ती रोजच्या कामात उतरली नाही. थेरपिस्टच्या गटाला मात्र तीन महिन्यांनी रोजच्या कामांत थोडा फायदा दिसला.

मला अडलं ते 'नेहमीचे उपचार' या शब्दांपाशी. तिकडे ते सरकारी आरोग्यसेवेतून मिळतात. आमच्या वाट्याला आला तो घरी सोडताना दिलेला, व्यायामाची चित्रं छापलेला एक कागद. शहरात न्यायचं तर जाता-येता रिक्षा आणि माझ्या कामाचा खाडा, म्हणून दोन महिन्यांत आम्ही जाणंच सोडलं.

पुढे ओळखीतल्या एक फिजिओथेरपिस्ट ताई घरी येऊ लागल्या. त्यांनी आईपुढे तिचंच विड्या वळायचं सूप ठेवलं. पान उचला, ठेवा, पुन्हा उचला. आई त्यांच्यापुढे रडली, मग हट्टाने करू लागली. चार महिन्यांनी ती उजव्या हाताने चहाचा कप धरते. दोरा अजून बांधता येत नाही.

विडी घरकुलसारख्या विडी कामगारांच्या वस्त्यांमधल्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून निदान दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून महापालिका आणि जिल्हा परिषदेपर्यंत पोचवावी. आमच्याच गल्लीत अशा आणखी दोन बायका आहेत. त्यांच्याकडे अजूनही तो कागदच आहे.

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी, सोलापूर